काहीच न मागणारी वेल

अक्का, आधी अक्षराची आणि शुद्धलेखनाची माफी मागते. धुळ्याला चौथीपर्यंत शिकले. त्यानंतर वर्षातून दोन पत्रं माहेरी, आणि त्यातलं 'इकडे सर्व खुशाल' तर पाठच आहे. कुठे ऱ्हस्व, कुठे दीर्घ, विसरून गेले. ओळ सुरू होते ती सरळ आणि संपते ती खाली घसरून. तुला वाचता येत नव्हतं, तेव्हा ही माफी तुझ्या काही उपयोगाची नाही. पण मला मोठी माफी मागायची आहे आणि तोंडाला सवय नाही, म्हणून लहानीपासून सुरुवात केली.

तुला जाऊन एकवीस दिवस झाले. पिंपळनेरहून तुझा पुतण्या आला, त्यानं सगळं रीतीप्रमाणे केलं, जातं शेजारी देऊन टाकलं, दोन पातेली बोचक्यात बांधली आणि गेला. खोलीला घरमालकाचं कुलूप आहे. तुझ्या न्हाणीच्या दगडाजवळचा अडुळसा तेवढा मागे राहिला. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्याकडे गेले तर एका फांदीवर पिवळा दोरा अडकलेला दिसला. गोधडीचा असेल म्हणून ओढायला गेले. बोटाला गार लागला. ओला होता, आणि फांदीला दोन ठिकाणी धरून बसला होता.

मी तो काढला आणि चुलीत घातला. तिसऱ्या दिवशी दुसरा होता. काल आणखी एक. मी रोज एकेक पान उलटून बघते. घरात कोणाला सांगितलेलं नाही. तुलाही त्या वेळी सांगितलं नव्हतं.

तू माझ्याशी पहिल्यांदा बोललीस ते आपल्या दोन घरांमधल्या भिंतीवरून. मी नवी होते. जळगावच्या ह्या टोकाला, मेहरूणच्या वाटेवर, मला ओळखणारं कोणी नव्हतं. ह्यांची नोकरी कापसाच्या जिनिंगमध्ये कारकुनाची, सकाळी जायचे ते दिवेलागणीला यायचे. सासूबाई कमी बोलायच्या, मी त्याहून कमी. तू भिंतीवर दोन्ही कोपरं टेकून विचारलंस, "काबरं बोलस नही वं? तोंडमा बोर शे का?"

माझी आई साक्रीकडची, तिची बोली हीच. सासरी आल्यापासून कानावर पडली नव्हती. मला रडू आलं आणि हसूही आलं. मी म्हटलं, "तुम्ही कुठल्या?" तर केवढी भडकलीस!

"तुम्ही? मी काय मामलेदारीन शे का वं? तू म्हन."

तेव्हापासून तू. ह्या गल्लीत मी मान वर करून फक्त तुझ्याशी बोलले.

वेलीचं कारण आमची ओसरी. पश्चिमेकडे तोंड, समोर उघडं अंगण. वैशाखात दुपारनंतर तिथे भाकरी ठेवली तर कडक व्हावी. ह्यांच्या कचेरीतल्या मोठ्या बाबूंच्या घरी दारावर जुईचा मांडव होता, तो बघून आले की हे म्हणायचे, "आपलं घर कसं ओकंबोकं दिसतं. एखादी वेल तरी सोड वरून." मी जुई लावली, गेली. पानवेल लावली, गेली. गोकर्णाच्या बिया पेरल्या, त्या उगवल्या, वीतभर झाल्या आणि एका आठवड्यात माना टाकल्या. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "हिच्या हाताला काही लागत नाही." त्या झाडाबद्दल बोलत होत्या की दुसऱ्या कशाबद्दल, ते मी विचारलं नाही. लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली होती.

तू माझा हात भिंतीवरून ओढून घेतलास, उलटासुलटा करून पाहिलास, जसा बैल विकत घेताना खूर बघतात. "हात वाईट नही तुन्हा. हात घाई करस. रोज पानी, रोज पानी. पाय कुजी गयात तिन्हा." मग मला मातीत बोट घालायला शिकवलंस. पेरापर्यंत बोट कोरडं निघालं तरच पाणी. आणि वेल घेण्याआधी स्वतःला तीन गोष्टी विचारायच्या, असं तू सांगितलंस. त्या मी अजून तशाच म्हणून दाखवीन. ओसरीवर ऊन किती येस? वैशाखमा पानी किती उरस? आनि तू माहेरले गई का कोन देखी?

तिन्ही उत्तरं दिल्यावर तू जुई, पानवेल सगळ्या हातानंच उडवून लावल्यास. पानवेल नखरेवाली, तिला सावली पाहिजे, थंडावा पाहिजे, आणि बाईनं शिवायचं केव्हा आणि नाही केव्हा ह्याचंही सोवळं. गोकर्ण गुणाची, पण वर्षाची पाहुणी. "तू गुळवेल लाव. नवशिकी शेस. मारली तरी मरस नही ती. तोडीसन टांगी दे, तरी जगस."

गुळवेल मला आवडली नाही. तिचं खोड पाहिलं होतं मी, कातडी निघालेलं, फोड आल्यासारखं. मोठ्या बाबूंच्या घरच्या मंडळींना ते दाखवायचं? तुझ्यासमोर मान हलवली आणि मनात म्हटलं, दुसरं काही मिळेल.

मिळालं. भाद्रपदात आम्ही नशिराबादला एका बारशाला गेलो. परतताना बैलाला पाणी पाजायला गाडी थांबली. रस्त्याकडेच्या बाभळीवर सगळं सोनं पांघरल्यासारखं होतं. पान नाही, काटा नाही, नुसते पिवळे दोरे खाली सोडलेले, उन्हात चमकणारे. मी गाडीवानाला विचारलं, म्हणजे सासूबाईंकडून विचारवलं. तो म्हणाला, "अमरवेल ती. ना माती लागत, ना पाणी. अशीच जगते." लहानपणी आईकडून ऐकलं होतं की अमरवेलीचं मूळ ज्याला सापडेल त्याला आयुष्यात काही कमी पडत नाही. मूळ मी शोधलं नाही. मूठभर दोरे तोडून पदरात घेतले. माती लागत नाही, पाणी लागत नाही, मी माहेरी गेले तरी कोणाला बघावं लागत नाही. अक्का, तुझ्या तिन्ही प्रश्नांना तीच उत्तर होती. ती मरणारच नव्हती, मग माझ्या हातून तरी कशी मरेल?

घरी आणून ओसरीच्या खुंटीला टांगली. दोन दिवसांत सुतळीसारखी वाळली. एक झुपका ओल्या फडक्यात उरला होता. तुझ्या बोरीची एक फांदी भिंत ओलांडून आमच्या ओसरीसमोर यायची, माझा हात पोचेल एवढी खाली. तिन्हीसांजेला तू दिवा लावायला आत गेलीस तेव्हा मी तो झुपका त्या फांदीवर टाकला. वेलीला आधार लागतो, एवढंच मला वाटलं होतं. देवाशपथ एवढंच.

धरली. दिवाळीपर्यंत आमच्या ओसरीसमोर पिवळा पडदा लोंबायला लागला. मोठ्या बाबूंच्या पत्नी फराळाला आल्या, त्या पायरीवरच थांबल्या. "अगंबाई, ही कसली सोन्याची वेल? कोणी लावली?" हे म्हणाले, "हिनं." आत येऊन ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, तसं त्याआधी पाहिलं नव्हतं. आणि सासूबाईंनी त्या दिवशी पहिली करंजी माझ्या ताटात वाढली. ती करंजी मी विसरलेले नाही. पुढे जे केलं ते त्या करंजीपायी केलं.

तुझी बोर मेहरूणच्या जातीची. दसऱ्याला फुलोरा बघून बागवानचाचा यायचे आणि येणारी बोरं आधीच विकत घ्यायचे, इसार देऊन. त्या वर्षी तुझं छप्पर गळत होतं, म्हणून तू दोन बहारांचा इसार एकदम घेतलास, बारा रुपये. पौषात चाचा टोपली घेऊन आले आणि झाडाखाली उभे राहिले. बोरं हरभऱ्याएवढी, सुरकुतलेली. "अक्का, तेरे झाड को कोई पी रहा है," ते म्हणाले. मी भिंतीआड भांडी घासत होते. हातातली राख तशीच राहिली.

तुला तेव्हा मोतीबिंदू होता, लांबचं दिसत नव्हतं. चाचांनी एक दोरा तोडून तुझ्या हातात दिला. तू तो बोटांत फिरवलास, नाकाशी नेलास. "अमरवेल," म्हणालीस. मग म्हणालीस, "पाखरंस्नी टाकी व्हई."

दोन दिवस आपण झाड साफ केलं. तू कोयत्यानं फांद्या तोडायचीस, मी आकडीनं दोरे ओढायची. एकही तुकडा खाली राहता कामा नये, प्रत्येक तुकड्याची पुन्हा वेल होते, असं तू बजावत होतीस. आपण ते सगळं तुझ्या अंगणात जाळलं. ओलं होतं, जळेना, पिवळा धूर गल्लीभर झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी तू कोयता खाली ठेवलास आणि माझ्याकडे तोंड करून विचारलंस, "तुन्ही बाजूले शे का वं काही? माले दिसस नही."

आमच्या ओसरीसमोरचा पडदा तसाच होता. तीन हातांवर.

मी म्हटलं, "नाही अक्का. इकडे काही नाही."

तू "बरं" म्हणालीस. कोयता उचललास आणि आत गेलीस.

एवढंच बोलले होते मी, अक्का. पुढच्या पावसात ती त्या फांदीवरून शेंड्यापर्यंत चढली. त्या वर्षी बोर फुललीच नाही. तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात साल सुटायला लागली आणि पाखरं बसेनाशी झाली. झाड मेल्यावर वेलही मेली, निदान मला तसं वाटलं. आमची ओसरी पुन्हा ओकीबोकी झाली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "हिच्या हाताला काही लागत नाही," आणि ह्या वेळी मला ते खरं वाटलं.

चाचांचा इसार फेडायला तू लोकांची दळणं घेतलीस. पहाटे तुझं जातं सुरू झालं की मी अंथरुणात कानावर हात ठेवायची. तू गात नव्हतीस. जात्यावर दळणारी बाई गात नाही असं मी दुसरीकडे कुठे ऐकलेलं नाही.

आपलं एक भांडण राहून गेलं. मेलेल्या बोरीखाली आपण वाल सोलत बसलो होतो. तू खोडावर हात ठेवून म्हणालीस, "ध्यानमा ठेव पोरी. जी काहीच मांगस नही, ती दुसरानं खाई जास." मला ते झोंबलं. माझी आई मला सांगून गेली होती, पोरीच्या जातीनं मागू नये, ताटात पडेल ते खावं. मी आयुष्यात कोणाकडे काही मागितलेलं नाही, ह्याचाच मला अभिमान होता. मी पहिल्यांदा तुझ्याशी चढ्या आवाजात बोलले. "तिचा काय दोष, अक्का? तिला मूळच नाही. ती मागणार कोणाकडे?"

तू वालाची शेंग खाली ठेवलीस. "मूळ नही त्यानं मांगानं. बोंब मारीसन मांगानं. मुक्यानं चढीसन पेवानं नही."

मी ओच्यातले वाल तिथेच टाकून उठून आले. चार दिवस भिंतीपाशी गेले नाही. पाचव्या दिवशी तूच आलीस, हातात गुळवेलीचा हातभर तुकडा. मागच्या दाराच्या आढ्याला सुतळीनं बांधलास. "हिले दोन महिना हात लावू नको. फक्त देखत राह्य." मी पाहत राहिले. वाळली, काळी पडली, मेली असं मी म्हटलं. मग एके दिवशी तिच्यातून एक बारीक दोरा निघाला आणि हवेतून सरळ खाली यायला लागला, मातीच्या शोधात. रोज बोटभर. मला ते बघवत नव्हतं. तू आलीस, हातानं चाचपलंस आणि खूश झालीस. "देख, ही मांगाले निंघनी." तिच्याखाली मडकं ठेवायला सांगितलंस, ते मी ठेवलं. आज ती वेल मागचं दार भरून आहे. माझ्या हातून जगलेली ती एकच. पण आता कुठलाही दोरा दिसला की मी जागीच थांबते. कुठला मागायला निघालाय आणि कुठला प्यायला, ते मला लांबून ओळखता येत नाही.

ह्या आषाढात तुला ताप आला. तिसऱ्या दिवशी तू बोर मागितलंस. आषाढात बोर कुठलं? माझ्या बरणीच्या तळाला तुझ्याच झाडाची शेवटची वाळलेली पाच-सहा बोरं होती. कोमट पाण्यात भिजवून एक तुझ्या तोंडात घातलं. तू ते खूप वेळ घोळवलंस. "गोड शे," म्हणालीस. मग डोळे माझ्याकडे वळवलेस, दिसत नव्हतं तरी. "तुले काय जोयजे? माग."

मी म्हटलं, "काही नको, अक्का."

"माग वं. आते तरी माग."

माझ्या ओठांवर होतं. माफ कर, एवढंच मागायचं होतं. बाहेर कोणी बाई पाणी भरायला आली, तिची घागर वाजली, आणि मी पुन्हा "काही नको" म्हणून तुझं पांघरूण सारखं करत बसले. तू भिंतीकडे कूस बदललीस. दुसऱ्या दिवशी दुपारी तू नव्हतीस.

घरमालकानं खोली उघडली तेव्हा तुझ्या चुलीमागच्या भिंतीवर कोळशाच्या बारा रेघा दिसल्या. आठांवर आडवी काट मारलेली. चार मोकळ्या. त्या कशाच्या हे गल्लीत दुसऱ्या कोणाला कळणं शक्य नव्हतं.

माझ्याजवळ भाऊबीजेच्या ओवाळणीचे पैसे होते, डब्यात, तांदळाखाली. काल अडुळशावरचा तिसरा दोरा जाळला आणि आज सकाळी सासूबाईंना म्हटलं, "मी बाजारात जाऊन येते." त्या बघतच राहिल्या. एकटी मी कधी गेले नव्हते. वाटेत दोनदा परत फिरले. बागवानचाचांच्या दुकानासमोर उभी राहिले. मूठ उघडून चार रुपये पुढे केले.

चाचांनी रुपयांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. "तू ओसरीवाली ना, बेटी?"

मी मान हलवली.

"अक्का बोलली व्हती. म्हने चार रुपये राहतील, ते मी देणार नाही. ओसरीवाली आणील. मी बोललो, कब आणील? तर हसली. म्हने, मी गेल्यावर. जित्तेपणी नाही आणणार, लाजरी आहे."

मी दुकानाचा खांब धरला.

"पाखरू टाकतं तर वेल शेंड्यापासून खाली येते," चाचा म्हणाले. "ही हाताच्या उंचीवरून वर चढली. आंधळ्याला पण कळेल. मी बोललो, अक्का, ती भिंतीवरची फांदी मी तोडतो, झाड वाचेल. तिनं तोडू दिली नाही. म्हने, थांब, ती पोर स्वतःच तोडील. वाट देखू."

तीन वर्षं, अक्का. तू झाडाखाली बसून तीन वर्षं वाट पाहिलीस.

"मी काय बोलू तिला?" मी विचारलं. एवढ्या लोकांत, मोठ्यानं. चाचांनी माझ्या हातातले रुपये एकेक करून उचलले, गल्ल्यात टाकले, चारदा आवाज आला.

"फिटले," ते म्हणाले.